गोदीच्या जमिनीवर आम्ही घेतलेल्या हरकती

हार्बर लाइनच्या गाडीत पूर्वेच्या खिडकीशी बसलं, तर सँडहर्स्ट रोडपासून वडाळ्यापर्यंत दिसतात भिंती, पत्र्याच्या शेडी, भंगाराचे ढीग आणि ओळीने उभे ट्रक. समुद्र त्यांच्या पलीकडेच आहे. पण डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी या स्टेशनांवर रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या कितीतरी जणांनी तो तिथून कधी पाहिलेला नसतो. मुंबईचा समुद्र म्हणजे पश्चिमेचा, चौपाटीचा. पूर्वेचा समुद्र बंदराच्या हद्दीत, आणि हद्दीला भिंत.

डिसेंबर २०१८ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टने विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे या जमिनीचा आराखडा ठरवणारी संस्था, या नात्याने या पट्ट्याचा प्रारूप नियोजन प्रस्ताव जाहीर केला आणि लोकांकडून सूचना-हरकती मागवल्या. कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत, सुमारे ९६६ हेक्टर. मुंबईसारख्या शहरात एवढ्या सलग जमिनीचा निर्णय एकदाच होतो. शिवडी-माझगाव भागातल्या आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून त्या प्रस्तावावर हरकती लिहिल्या, दाखल केल्या, सुनावणीला गेलो. ते सगळं कसं झालं ते लिहून ठेवते आहे, कारण अशी वेळ इतरांवरही येणार आहे. मी सिव्हिल ड्राफ्ट्समन. नोकरीभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या इमारतींचे नकाशे काढले. वडील गोदीत विंचवर, म्हणजे माल उचलायच्या यंत्रावर, होते. त्यामुळे या जमिनीबद्दल मला तटस्थ राहता येत नाही, आणि राहायचंही नव्हतं.

गोदीचं काम कमी होत गेलं ते एका दिवसात नाही. प्रिन्सेस डॉक १८८० ची, व्हिक्टोरिया डॉक १८८८ ची, अलेक्झांड्रा डॉक म्हणजे आजची इंदिरा डॉक १९१४ ची. या गोद्या बांधल्या तेव्हा माल पोत्यात, गाठीत, पेटीत यायचा आणि माणसांच्या पाठीवरून उतरायचा. कंटेनर आले आणि हिशोबच बदलला. कंटेनरला खोल पाणी लागतं, मोकळं मैदान लागतं, हमरस्ता लागतो. दाटीवाटीच्या शहराच्या कुशीत यातलं काहीच पुरेसं नव्हतं. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवाला नवं बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे गेले. इकडची गोदामं राहिली, रूळ राहिले, माणसं राहिली. वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या पाळीतली निम्मी माणसं नुसती हजेरी लावून बसत, असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांना फार त्रास व्हायचा.

प्रस्ताव आला तेव्हा आमच्या चाळीत पहिली प्रतिक्रिया आनंदाची होती. भिंत जाणार, समुद्र दिसणार, बागा होणार. माझ्या डोक्यात मात्र गिरण्यांच्या जमिनी होत्या, कारण माझे मामा गिरणी कामगार होते आणि तो इतिहास आमच्या घरात जेवतानाही निघतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात बदल झाला. वाटणी तीच राहिली, पण ती लागू झाली फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला. शेडी पाडून जी जमीन मोकळी होणार होती ती हिशोबातून बाहेर गेली. गिरण्यांमध्ये मोकळी जमीन असायची ती किती? जवळजवळ सगळ्या जमिनीवर शेडच. प्रकरण कोर्टात गेलं, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने एक निकाल दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदल कायम राहिला. लोअर परळला आज जे उभं आहे ते त्या एका बदललेल्या वाक्यावर उभं आहे. मामांचा एक मित्र म्हणायचा, आम्ही मोर्चे काढत होतो तेव्हा कुणीतरी बसून वाक्य दुरुस्त करत होतं.

म्हणून पहिल्या बैठकीतच मी एक गोष्ट आग्रहाने मांडली. रंगीत नकाशा नंतर बघू, आधी नियमावली वाचू.

वाचण्याची पद्धत साधी ठेवली. आमच्यातले एक काका मंत्रालयातून निवृत्त झालेले, सरकारी भाषेची त्यांना सवय. ते एकेक कलम मोठ्याने वाचायचे, इंग्रजीतून मराठीत सांगायचे. आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी लॅपटॉपवर नकाशात ती जागा शोधायची. मी वहीत तीन रकाने आखले होते: काय करावंच लागेल, काय करता येईल, आणि काय नुसतं वर्णन आहे. नियोजनाच्या कुठल्याही दस्तऐवजात हे तिन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं आणि वाचणाऱ्याला सगळं सारखंच वचन वाटतं. चित्रात पाण्याकाठी चालणारी माणसं असतात, झाडं असतात. पण तो काठ किती मीटर रुंद, सलग की तुटक, रात्री फाटक लागणार की नाही, हे नियमात आकड्यानिशी असलं तरच ते चित्र कुणावर बंधनकारक होतं. तिसरा रकाना लवकर भरला. पहिला सावकाश भरत होता, आणि आमचं सगळं लक्ष त्याच्यावर होतं.

काकांनी तेव्हा बॅलार्ड इस्टेटचा दाखला दिला, तो मला फार पटला. १९०८ ते १९१४ या काळात अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेल्या मातीने समुद्र बुजवून बॅलार्ड इस्टेट तयार झाली. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, पण उंची आणि दर्शनी भाग यांची शिस्त सगळ्यांना सारखी. आजही तिथून चालताना ती शिस्त डोळ्यांना जाणवते. म्हणजे याच बंदराने शंभर वर्षांपूर्वी नियम घालून शहराचा एक तुकडा घडवून दाखवला आहे. तेव्हा नियम मागण्यात आम्ही काही जगावेगळं मागत नव्हतो.

मग आम्ही चालायला निघालो. रविवारी सकाळी, जिथे सर्वसामान्य माणसाला जाता येतं तेवढ्याच रस्त्यांनी. बंदराच्या आतल्या भागाला पास लागतो. शिवडीच्या जेट्टीवर ओहोटीला चिखल उघडा पडला की हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात, ते बघायला आता बरीच माणसं येतात. कॉटन ग्रीनची कापसाची गोदामं रांगेने उभी, बहुतेक बंद. रस्त्यात मध्येच रूळ दिसतात आणि दहा पावलांवर डांबराखाली नाहीसे होतात. बंदराची ही स्वतःची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली होती. हे सगळं आम्ही फोटो काढत, टिपत झपाट्याने पार केलं. दारूखान्यात मात्र पाय थबकले.

दारूखाना म्हटलं की लोकांना जहाजं तोडण्याचं काम आठवतं. नौदलाची पहिली विक्रांत २०१४ मध्ये इथेच तोडली गेली. पण जहाज तोडून झाल्यावर पुढे काय होतं ते बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. जहाजातून निघालेली प्रत्येक वस्तू इथल्या गल्ल्यांत विकायला येते. दोर, साखळ्या, नांगर, पंप, झडपा, गोल खिडक्या, होकायंत्राच्या पेट्या, जिन्यांचे कठडे. एका दुकानात आम्ही बराच वेळ थांबलो. नुसत्या साखळ्या. एकेक कडी माझ्या मनगटाहून जाड, गंजाची पापुद्री सुटलेली. एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, बोटीच्या नांगरासाठी साखळी घ्यायला आले होते. दुकानातल्या माणसाने साखळी जमिनीवरून उचलून लोखंडी घोडीवर टांगली आणि छोट्या हातोडीने एकेका कडीवर टोला देत गेला. दोघंही बोलायचे थांबले. टण्, टण्, टण्, आणि मध्येच एक कडी बद्द वाजली. तांडेलांनी नुसतं बोट दाखवलं. दुकानदाराने तिथे खडूने खूण केली आणि तेवढा भाग कापून बाजूला टाकायला सांगितला. तडा डोळ्यांना दिसत नव्हता. मी वाकून पाहिलं, बोट फिरवलं, तरी नाही.

मी तांडेलांना विचारलं, "काका, ही साखळी दुसरीकडे नाही मिळत?"

"मिळते ना ताई. नवी घ्या, पाहिजे तिकडं मिळते," ते म्हणाले. "पण आमचं काम एका भरतीचं असतं. पंखा वाकला, शाफ्ट गेली, तर बोट भरतीला आत घ्यायची, ओहोटीला कोरड्यावर दुरुस्त करायची, पुढच्या भरतीला बाहेर. त्या मधल्या सहा तासांत सामान हातात पाहिजे. इथून मिळतं. टेम्पो करून लांबून आणायचं म्हटलं तर उधाण उतरतं. मग भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी वर चढतच नाही, बोट तशीच चिखलात पडून राहते. खलाशी बसून, बर्फ वाया."

त्या बोलण्याने माझ्या वहीतलं पान बदललं. जमीन वापराच्या नकाशात निवासी, व्यापारी, औद्योगिक, मनोरंजन असे रंग असतात. साखळीचं दुकान व्यापारी रंगात बसतं, आणि त्याच रंगात मॉलही बसतो. नकाशाला दोन्ही सारखेच. बर्फाचा कारखाना, डिझेलचा पंप, जाळी विणायची जागा, फळ्या बदलायची वाडी हे सगळं भाऊच्या धक्क्याशी आणि ससून डॉकशी धाग्याधाग्याने बांधलेलं आहे. ससून डॉक १८७५ ची, कापसासाठी बांधलेली, आणि आज तिच्यावर मासळीचा बाजार उभा आहे. म्हणजे एका कामाची जागा दुसऱ्या कामाने घेतली, पाणी मात्र कामाचंच राहिलं. २०१७ मध्ये तिथल्या जुन्या गोदामात कला प्रकल्प भरला होता. मी गेले होते. बाहेर कोळणी कोलंबी सोलत होत्या आणि आत त्यांचेच फोटो भिंतीवर होते. माणसं बाहेर काम करत होती म्हणून आतल्या चित्रांना अर्थ होता. त्या बाहेरच्या कामाला हात न लावता त्याच्याशेजारी नवं काही आणता येतं, याचा तो मला दिसलेला उत्तम नमुना.

आमच्यात मतभेदही झाले, आणि ते क्षुल्लक नव्हते. शेजारच्या वहिनींनी स्पष्ट सांगितलं, मला इथे पुन्हा कसलाही धंदा नको. हाजी बंदरावर कोळसा उतरायचा तेव्हा शिवडीत खिडकीच्या कट्ट्यावर काळा थर बसायचा, आणि त्यांच्या मुलाला दम्याचा त्रास. त्यांना झाडं हवी होती, फक्त झाडं. मी बाजू घेत होते ती कामाची. दोन बैठका यातच गेल्या. शेवटी वहिनींनीच एक प्रश्न विचारला ज्याने गाठ सुटली: मासळीची बोट दुरुस्त करायला कोळसा लागतो का? नाही लागत. म्हणजे प्रश्न काम की बाग असा नव्हताच. कुठलं काम, हा होता. धूळ, धूर आणि रसायनं सोडणारं काम वेगळं, आणि पाण्याशिवाय ज्याचं चालतच नाही असं लहान काम वेगळं. आम्ही ठरवलं की हरकत पाण्यावर अवलंबून असलेल्या कामांपुरती लिहायची आणि तिच्यातच घातक मालाला बंदी मागायची. वहिनींनी बागेसाठी आपली वेगळी हरकत लिहिली, त्यावर मी सही केली. माझ्या हरकतीवर त्यांची सही आहे.

जमिनीच्या दोन गोष्टींवर मी स्वतः जोर दिला, कारण इमारतीचा नकाशा काढणाऱ्याला त्या पहिल्यांदा दिसतात.

पहिली, माती. जहाजं वर्षानुवर्षं जिथे तोडली गेली तिथली जमीन म्हणजे नुसता चिखल नव्हे. जुन्या जहाजांच्या नळांभोवती आणि बॉयलरभोवती ॲस्बेस्टॉस असायचं, रंगात शिसं असायचं, तळाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून कथिलाची विषारी संयुगं असलेला रंग लावायचे. त्या रंगावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. आपल्याकडे जहाज पुनर्वापराचा कायदा २०१९ चा. म्हणजे त्याआधीच्या कित्येक दशकांचं जे सांडलं ते मातीत मुरलेलं असणार. अशा जागी घरं किंवा मुलांचं मैदान करायचं तर आधी ठरावीक अंतरावर, ठरावीक खोलीपर्यंत मातीचे नमुने घेऊन तपासायला हवेत, आणि अहवाल लोकांसमोर ठेवायला हवा. वरून दोन फूट लाल माती टाकून हिरवळ लावली की विषय संपत नाही. झाडांची मुळं खाली जातात, पावसाचं पाणी खाली झिरपून पुन्हा खाडीत येतं, आणि त्याच खाडीत फ्लेमिंगो चरतात.

दुसरी, पातळी. मुंबईत उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. जुने धक्के त्या काळच्या जहाजांच्या सोयीने बांधलेले. तिथे पोती भिजली तर नुकसान व्हायचं, आता माणसं राहणार. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आला की पाण्याला बाहेर जायला वाटच राहत नाही, हे २६ जुलै २००५ ला आपण सगळ्यांनी भोगलं आहे. हॅम्बुर्गमध्ये जुन्या बंदराच्या १५७ हेक्टरवर हाफेनसिटी नावाचा भाग वसवला गेला. तो पूरबंधाऱ्याच्या बाहेर आहे. त्यांनी बंधारा वाढवला नाही. इमारती आणि रस्ते समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचावर घेतले आणि पाण्याकाठचे फिरण्याचे रस्ते मुद्दाम खाली ठेवले. पूर आला की खालचे रस्ते बुडतात, वरचं शहर चालू राहतं. तशीच उंची इथे चालेल असं मी म्हणत नाही. पण जोत्याची पातळी कुठल्या भरतीच्या हिशोबाने धरायची हे नियमात लिहिलेलं असावं आणि प्रत्येक विकासकाने ते आपापल्या सोयीने ठरवू नये, ही मागणी मी घातली.

आणखी एक मागणी पाण्याचीच होती. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या बुजवल्या गेल्या आहेत. व्हिक्टोरिया डॉक म्हणजे १४ एप्रिल १९४४ ला जिथे फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, शेकडो माणसं गेली, ती जागा. वडील कामाला लागले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, तरी तिथून जाताना कपाळाला हात लावायचे. आता तिथे पाणीच नाही. लिव्हरपूलची अल्बर्ट डॉक १८४६ मध्ये उघडली, १९७२ मध्ये बंद पडली, गाळाने भरून गेली. १९८० च्या दशकात तो गाळ उपसून पाणी परत आणलं आणि १९८८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. गाळ उपसता येतो. भराव घालून वर बांधकाम झालं की काही करता येत नाही. म्हणून उरलेल्या गोद्या आणि बंदरांतलं पाणी बुजवायचं नाही, असं एक स्वतंत्र वाक्य आम्ही मागितलं. रेल्वेच्या पट्ट्याबद्दलही तेच: रूळ ठेवा की काढा, पण ती सलग पट्टी तुकड्यांत वाटू नका. उद्या ट्राम, सायकल, पादचारी, काहीही नेता येईल. पट्टी एकदा तुटली की मुंबईत ती पुन्हा जोडायला कुणाच्याने होणार नाही.

आता प्रत्यक्ष लिहिण्याबद्दल. पहिला मसुदा चांगला सहा-सात पानी झाला होता, त्यात इतिहास होता, भावना होत्या. काकांनी तो बाजूला ठेवला. म्हणाले, "ताई, वाचणाऱ्यासमोर असे शेकडो कागद असतील. त्याला नोंदवहीत एका ओळीत तुमचा मुद्दा लिहायचाय. ती ओळ तुम्हीच लिहून द्या." मग आम्ही एका विषयाला एक हरकत असं केलं. प्रत्येकीत वर प्रस्तावातल्या कलमाचा क्रमांक, खाली सध्याचं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली आम्हाला हवं असलेलं वाक्य, आणि शेवटी कारण, पाच-सहा ओळींत. जागेबद्दल असेल तर नकाशाचा तुकडा जोडून त्यावर लाल पेनने खूण. "विकास लोकाभिमुख असावा" असं कुठेही लिहिलं नाही. त्याला कुणीच नाही म्हणत नाही आणि त्याने काहीच बदलत नाही.

सह्या गोळा करताना एक गोष्ट लक्षात आली. इमारतीतली माणसं पटकन सही करत. गोदीच्या जमिनीवर झोपड्यांत राहणारी, गोदामात माथाडीचं काम करणारी माणसं मात्र कागद हातात घेऊन विचारत, आमचं नाव लिहिलं तर उद्या जागा खाली करायला सांगणार नाहीत ना? ही भीती पोकळ नव्हती आणि ती घालवायला माझ्याकडे शब्दही नव्हते. आम्ही कुणाला आग्रह केला नाही. त्यांच्या वतीने एवढंच मागितलं की कुठलंही काम सुरू होण्याआधी तिथे राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या सगळ्यांची नोंद व्हावी. राहणारा वेगळा, काम करणारा वेगळा, आणि दोन्ही असणारा वेगळा. पुनर्वसन म्हटलं की सगळे घराचंच बोलतात. हमालाचं पोट गोदामाशी बांधलेलं असतं. घर वडाळ्याला दिलं आणि गोदाम भिवंडीला गेलं, तर त्या घरात तो किती दिवस टिकेल?

मुदत संपायच्या आत सगळे कागद दोन प्रतींत दिले, प्रत्येक प्रतीवर पोच आणि शिक्का घेतला. पोच घेताना प्रत्येक कागदावरचा आवक क्रमांक स्वतः वाचून पाहा, हे कळकळीने सांगते. सुनावणीच्या वेळी आमच्या हातात तेच होते.

सुनावणीत प्रत्येकाला थोडाच वेळ मिळतो. आम्ही बोलणारी माणसं आणि विषय आधीच वाटून घेतले होते. मातीचं मी बोलले, कामाच्या जागांचं ती आर्किटेक्चरची मुलगी बोलली, बागेचं वहिनी. एक अधिकारी शांतपणे ऐकत होते. त्यांनी मुलीला विचारलं, पाण्यावर अवलंबून असलेलं काम म्हणजे नेमकं काय? उद्या कुणी हॉटेल काढेल आणि म्हणेल माझंही गिऱ्हाईक पाण्यामुळेच येतं. प्रश्न अगदी रास्त होता आणि आमची तयारी होती. तिने यादी पुढे ठेवली: मासळी उतरवणं आणि लिलाव, बर्फ, इंधन, जाळी आणि दोर, बोटबांधणी आणि दुरुस्ती, जहाजाचं सुटं सामान, प्रवासी लाँच. कसोटी एकच: भरती-ओहोटीची वेळ बदलली तर कामाची वेळ बदलते का? हॉटेलची बदलत नाही. तांडेलांची बदलते. अधिकाऱ्यांनी ती ओळ स्वतःच्या हाताने लिहून घेतली. मी समोर होते, मी पाहिलं.

वहिनी सगळ्यात चांगल्या बोलल्या. मुलाच्या दम्याबद्दल एक शब्द काढला नाही. बाग भरतीच्या पाण्यात टिकेल अशा झाडांची हवी, तिच्याकडे जायला हार्बर लाइनच्या प्रत्येक स्टेशनवरून पायी सलग रस्ता हवा आणि तिला प्रवेश फी नको, या तीन मागण्या मांडल्या आणि बसल्या.

त्यानंतर बरंच काही बदललं. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्याही नेणारी रो-रो बोट सुरू झाली. २०२१ च्या कायद्याने पोर्ट ट्रस्ट जाऊन पोर्ट ऑथॉरिटी आली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा शेवाकडे जाणारा अटल सेतू उघडला, जवळपास बावीस किलोमीटरचा, आणि ज्या बाजूला कुणी फिरकत नव्हतं तिकडे रस्ते रुंद व्हायला लागले. पूल झाला की जमिनीवरची नजर बदलते. आमच्या गल्लीत दलालांची कार्डं दारात पडायला लागली आहेत. अशा वेळी नियम जितका ढिला, तितका तो लवकर ताणला जातो.

आमचा गट टिकून आहे. या पट्ट्याबद्दल नवी अधिसूचना, दुरुस्ती, निविदा काही आलं की ती मुलगी, आता तिचं शिक्षण पूर्ण झालं आहे, ते उतरवून घेते आणि आम्ही रविवारी बसतो. वहीतल्या रकान्यांचा आता तक्ता केला आहे: आमचा आवक क्रमांक, आम्ही मागितलेलं वाक्य, छापून आलेलं वाक्य. काका अजूनही मोठ्याने वाचतात. वहिनींचा मुलगा नकाशे मोठे करून छापून आणतो. रे रोड किंवा कुलाब्याच्या बाजूला कुणी असंच वाचन करत असेल, तर दोघांचे तक्ते शेजारी ठेवून बघायला हवेत, कारण एकाच नियमाचा परिणाम शिवडीच्या चिखलावर वेगळा होतो आणि ससून डॉकच्या लिलावावर वेगळा.